टोरंट नेमकं अडतं कुठे? गोंदियातल्या घरगुती नेटचा एक आढावा

गोंदियात नेटबद्दलची तक्रार आता बदलली आहे. पूर्वी ‘नेट चालत नाही’ असं म्हणत. आता यूट्यूब न अडखळता चालतं, स्पीड टेस्ट योजनेत लिहिलेला आकडा दाखवते, व्हिडिओ कॉलही नीट होतो; टोरंट तेवढं चाळीस-पन्नास केबीवर रांगत राहतं. चार जीबीची फाइल आणि चाळीस केबीचा वेग, म्हणजे जवळपास अठ्ठावीस तास. तीच फाइल १०० एमबीपीएसच्या जोडणीवर साडेपाच मिनिटांत उतरायला हवी. मग केबलवाल्याला फोन जातो. तो म्हणतो, ‘इकडून सगळं बरोबर आहे,’ आणि बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो.

संगणकांनी एकमेकांकडून थेट फाइल घेण्याची ही पद्धत रुळून वीसहून अधिक वर्षं झाली. तेवढ्या काळात ‘वेग वाढवायचे उपाय’ म्हणून जे साचलं आहे त्यातलं बरंचसं जुनं झालं आहे, काही मुळातच चुकीचं होतं, आणि जे थोडं खरं आहे ते या ढिगात सापडत नाही. माझा कौल आधीच सांगून टाकतो. सेटिंगमध्ये खुडबुड करून सुटणारा भाग लहान आहे. मोठा भाग दोन ठिकाणी आहे: मागवलेली फाइल देणारे किती जण आहेत, आणि बाहेरच्या जगाला तुमच्या घरातला संगणक सापडतो का.

टोरंट म्हटलं की चोरीचे सिनेमे आठवतात, म्हणून तेवढं आधी उरकून घेऊ. टोरंटमध्ये फाइल घेणारा त्याच वेळी ती पुढे वाटतही असतो, हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पण पद्धत म्हणून टोरंट पूर्ण कायदेशीर आहे. जुन्या संगणकावर टाकायला उबंटू किंवा डेबियन हवं असेल तर त्यांच्या संस्था स्वतःच टोरंट देतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत आणि तिथेही टोरंटची सोय आहे. इतकंच काय, २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचे अपडेटही हवं तर एका संगणकावरून दुसऱ्यावर याच तत्त्वाने जातात. टोरंटला कधी हात न लावलेल्या माणसाच्या घरातही ही देवाणघेवाण चालू असू शकते.

पहिला घोळ मोजमापाचा. नेट विकणारा वेग बिटमध्ये सांगतो, टोरंटचा प्रोग्रॅम बाइटमध्ये दाखवतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ४० एमबीपीएसच्या योजनेवर टोरंटमध्ये ५ एमबी दिसत असेल तर तो पूर्ण वेग आहे, तक्रारीला जागा नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. रोजचा डेटा संपला की अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे टोरंटमध्ये ८ केबी. आकडा आठच्या आसपास चिकटून बसला असेल तर बिघाड शोधत बसू नये, दिवसाचा डेटा संपला आहे. शिवाय टोरंट जे पुढे वाटतं तेही त्याच डेटातून जातं. रोजच्या दीड जीबीतला मोठा हिस्सा वाटण्यातच गेला, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

आता मूळ यंत्रणेकडे. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ साली बिटटोरंट जगापुढे आणलं. त्याची मांडणी अशी: फाइलचे शेकडो-हजारो तुकडे करायचे, ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने दुसऱ्याला द्यायचा, आणि जो देतो त्यालाच आपण द्यायचं. धानाच्या रोवणीत एकमेकांच्या बांधीत राबायची इर्जिक असते, तसा हा व्यवहार आहे. नुसता बोलवणारा आणि कधी न जाणारा माणूस दुसऱ्या वर्षी एकटा पडतो. मूळ प्रोग्रॅम एका वेळी मोजक्याच जणांना तुकडे देत असे, साधारण चौघांना, आणि त्यात निवड होई ती आपल्याला सर्वाधिक वेगाने देणाऱ्यांची. दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी संगणकालाही संधी मिळे, नाहीतर नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसल्यामुळे त्याला कुणी विचारलंच नसतं. टोरंट सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वेग शून्याजवळ का असतो, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. लगेच बंद करून पुन्हा सुरू करणारा माणूस दर वेळी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो.

कोहेनने हा हिशोब २००३ मध्ये एका निबंधात मांडला आणि पुढे संशोधकांनी तो तपासला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ मध्ये ‘बिटटायरंट’ नावाचा मुद्दाम स्वार्थी प्रोग्रॅम लिहिला. कोणाला किती दिलं तर परत किती मिळतं याचा बारीक हिशोब ठेवून तो आपला अपलोड वाटत असे, आणि त्यांच्या मोजणीत नेहमीच्या प्रोग्रॅमपेक्षा त्याला मध्यक सत्तर टक्के जास्त वेग मिळाला. त्यांचा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. टोरंटचा वेग बऱ्याच अंशी काही थोड्या, मोठ्या क्षमतेच्या आणि गरजेपेक्षा जास्त देणाऱ्या संगणकांच्या उदारपणावर चालतो, असं त्यांना दिसलं. आपल्या बाजूची सेटिंग कितीही बदलली तरी असे दाते त्या फाइलपाशी नसतील तर वेग येणार नाही.

म्हणून वेग कमी दिसला की पहिला प्रश्न आपल्या नेटबद्दल नसावा, फाइलबद्दल असावा. पूर्ण फाइल असलेले किती, अर्धवट असलेले किती, आणि प्रोग्रॅममध्ये ‘उपलब्धता’ किती दिसते, हे पाहावं. उपलब्धता एकाच्या खाली असेल तर काही तुकडे सध्या जोडलेल्यांपैकी कोणाकडेच नाहीत, आणि फाइल ९७ किंवा ९९ टक्क्यांवर थांबून राहील. तिथे राउटर बदलून काही होत नाही. खात्री करायला सोपा उपाय आहे. डेबियन किंवा उबंटूच्या चालू आवृत्तीचं अधिकृत टोरंट लावायचं. त्याला जगभरात भरपूर दाते असतात. ते धावलं आणि तुमची फाइल रांगली, तर दोष फाइलचा. ते देखील रांगलं, तरच पुढचं सगळं वाचण्यात अर्थ आहे. एवढी एक चाचणी न करता माणसं नवा राउटर विकत घेतात, याचं मला खरोखर नवल वाटतं.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा मुद्दा फार लागू पडतो. इंटरनेट आर्काइव्हवरच्या एखाद्या जुन्या कादंबरीच्या टोरंटला दुसरा दाता बहुधा नसतोच. संस्थेचा अमेरिकेतला सर्व्हरच ‘वेब सीड’ म्हणून तुकडे पुरवतो. तुमच्या प्रोग्रॅमला वेब सीड समजत नसेल तर टोरंट शून्यावर राहतं, समजत असेल तरी सगळा भार त्या एका दूरच्या सर्व्हरवर. अशा वेळी टोरंटचा नाद सोडून ब्राउझरमधून सरळ पीडीएफ उतरवावी. टोरंट गर्दीच्या फाइलसाठी आहे. एकाकी फाइलला त्याचा काही उपयोग नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण आजचे बरेचसे उपाय जुन्या काळातून तसेच चालत आले आहेत. बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड जिल्ह्याच्या गावांत यायला लागलं. सुरुवातीचा वेग २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद डाउनलोड देणारी योजना आली, आणि रात्री दोनला उठून संगणक चालू करणारी एक पिढीच तयार झाली. सहा तासांत २५६ केबीपीएसने जेमतेम एका सीडीइतकं उतरतं. त्या तारेचं दुखणंही वेगळं होतं. एक्सचेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि मोडेमचा दिवा लुकलुकता. पावसात नेट मंद होतं हा समज तिथला आहे. फायबरच्या काचेला ओलीने तसा फरक पडत नाही, मात्र वाकलेली किंवा घडी पडलेली तार आणि सैल कनेक्टर तिला चालत नाहीत.

त्याच काळातला दुसरा अवशेष म्हणजे ‘टीसीपीआयपी पॅच’. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. व्हायरसचा फैलाव रोखायला मायक्रोसॉफ्टने त्यात एका वेळी अर्धवट उघडलेल्या जोडण्या दहावर मर्यादित केल्या. टोरंटवाल्यांनी विंडोजची ती फाइलच बदलणारे पॅच काढले. विस्टाच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००९ पासून, ही मर्यादा उठली. तरी पॅच सुचवणारे आजही भेटतात. विंडोज १० किंवा ११ वर असलं काही टाकणं म्हणजे नसलेल्या रोगावर अनोळखी माणसाकडून इंजेक्शन घेणं. पोर्ट ६८८१ ते ६८८९ वरच राहण्याचा सल्लाही तसाच शिळा. उलट ते जुने क्रमांक सोडून दुसराच एखादा मोठा क्रमांक घेणं बरं.

प्रोग्रॅम कोणता, यावर वाद घालण्यात फार हशील नाही. जाहिराती नसलेला आणि उघड स्रोताचा घ्यावा. क्यूबिटटोरंट आणि ट्रान्समिशन दोन्ही चांगले आहेत. म्यू-टोरंट एके काळी छोटं आणि चपळ म्हणून लाडकं होतं, पण २०१५ मध्ये त्याच्या इन्स्टॉलरसोबत आभासी चलन खोदणारा ‘एपिक स्केल’ येतो म्हणून बराच गदारोळ झाला. जुन्या ड्युअल कोर संगणकाला असला पाहुणा परवडत नाही.

घरातल्या कारणांत वायफाय हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला एकच अँटेना असते. २.४ गिगाहर्ट्झवर त्याची कागदावरची जोडणी ७२ एमबीपीएसची, प्रत्यक्षात हाती निम्म्याच्या आसपास. पलीकडच्या खोलीत, जाड मातीच्या भिंतीआड किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर त्यातलंही घटतं. शंभरची योजना घेऊन संगणकाला तीसच मिळत असेल तर त्यात नेटवाल्याचा काय दोष? ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीपुढे हात टेकतं. चाचणीपुरती तरी राउटर ते संगणक अशी साधी लॅन केबल लावावी. त्यातही एक खोच आहे: केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली तर गिगाबिटची जोडणी गुपचूप १०० वर येते आणि दीडशे-दोनशेच्या योजनेला तिथेच खीळ बसते.

डिस्कचंही बघायला हवं. टोरंटचे तुकडे क्रमाने येत नाहीत, विखुरलेले येतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला ते जागोजागी लिहावे लागतात, वर अँटीव्हायरस प्रत्येक तुकडा हुंगतो. वेग वर चढतो, मग एकदम शून्य, पुन्हा वर, असं दिसलं तर संशय डिस्कवर घ्यावा. थेट पेनड्राइव्हवर उतरवणं तर टाळावंच. एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही.

सेटिंगमध्ये खरोखर फरक पाडणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. त्यातली पहिली म्हणजे अपलोडची मर्यादा. ती शून्याजवळ ठेवली तर इतर संगणक तुम्हाला मागे टाकतात, हे वर आलंच. अगदी मोकळी सोडली तर उलटं दुखणं होतं. उतरलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच वरच्या दिशेने पाठवावी लागते; वरची वाट भरून गेली की पोच अडकते, आणि पोच अडकली की पाठवणारा हात आखडता घेतो. परिणामी अपलोड जोरात आणि डाउनलोड मेलेलं. अपलोडच्या मोजलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर मर्यादा घालणं हा बऱ्याच काळाचा अनुभवसिद्ध तोडगा आहे आणि तो आजही चालतो. दुसरी गोष्ट एकूण जोडण्यांची. स्वस्त राउटरला हजारो जोडण्यांची यादी सांभाळता येत नाही. टोरंट लावल्यावर सगळ्या घराचं नेट गुदमरत असेल तर एकूण जोडण्या दोनशेवर आणून पाहावं.

तिसरी गोष्ट मोबाइल जोडणीवाल्यांसाठी, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. आजचे प्रोग्रॅम ‘यूटीपी’ नावाच्या पद्धतीने तुकडे नेतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या लेडबॅट तंत्राशी तिचं नातं आहे. घरातल्या इतरांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून वाटेत विलंब वाढताना दिसला की ती स्वतःहून मागे सरते, आणि शंभर मिलिसेकंदांच्या आसपास विलंब गेला की जवळजवळ थबकते. फोर-जीवर टॉवरपाशी गर्दी झाली की तेवढा विलंब सहज होतो. अशा वेळी प्रोग्रॅमला यूटीपी सोडून केवळ टीसीपी ही नेहमीची पद्धत वापरायला सांगितलं तर वेग वाढू शकतो, मात्र त्याच घरात कोणी व्हिडिओ कॉलवर असेल तर त्याची बोलणी खायची तयारी ठेवावी.

इथवर जमेल तेवढं घरच्या घरी करता येतं. खरी गाठ यापुढे आहे. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपी आवृत्ती ४ चे, एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा वाटपाचा साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या तुकड्यावर आला. त्यानंतर ज्यांनी ग्राहक जोडले, म्हणजे बहुतेक मोबाइल कंपन्या आणि गावोगावचे फायबरवाले, त्यांच्याकडे माणशी एक पत्ता नव्हताच. त्यांनी शेकडो घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिला. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तिच्यातून तुम्ही बाहेर कोणालाही गाठू शकता, म्हणून यूट्यूब आणि बँक सुरळीत चालतात. पण बाहेरून कोणी तुम्हाला गाठू शकत नाही, कारण त्या पत्त्यामागच्या शेकडो घरांपैकी कोणतं, हे ठरवायला काही खूणच नसते. टोरंट तर एकमेकांना गाठण्यावरच उभं आहे. तुम्हीही सीजीनॅटमागे आणि फाइल असलेला संगणकही कुठल्या तरी सीजीनॅटमागे, तर दोघांची भेट बहुधा होत नाही. तिसऱ्याच्या मध्यस्थीने ती घडवायच्या युक्त्या आहेत, पण त्या दर वेळी लागू पडत नाहीत. यादीत तीस दाते दिसतात आणि जोडलेले तीनच, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता पाहायचा आणि तो ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही सेवेवरच्या पत्त्याशी ताडायचा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर सीजीनॅट नक्की. हा पट्टा २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर एकतर नेटवाल्याने आपल्या अंतर्गत जाळ्यातला पत्ता दिला आहे, किंवा घरातच दोन राउटर एकामागे एक बसले आहेत. दुसरा प्रकार फार दिसतो: फायबरवाल्याने दिलेला ओएनटी, म्हणजे फायबर जोडलेली पेटी, आणि त्याला जोडलेला घरचा जुना राउटर. त्यातला एक नुसता ॲक्सेस पॉइंट करून टाकला की निम्मा गुंता सुटतो. सार्वजनिक पत्ता असूनही जोडण्या येत नसतील तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रॅमला ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’ दोन्हीकडे परवानगी आहे का हे पाहावं. प्रोग्रॅमच्या खालच्या पट्टीत ‘डीएचटी’, म्हणजे इतर संगणक शोधणारी यंत्रणा, शून्य दिसणं ही परवानगी नसल्याची एक खूण आहे.

सीजीनॅट असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडण्याच्या सगळ्या कृती व्यर्थ आहेत, कारण अडथळा तुमच्या राउटरवर नाही, नेटवाल्याकडे आहे. इथे व्हीपीएन घ्या असा सल्ला मिळतो. फुकटचे व्हीपीएन वेग मारतात. पैसे मोजून घेतला तरी भारतात एक अडचण आहे: एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायचा आदेश दिल्यावर काही बड्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. मग गोंदियाचा तुकडा सिंगापूरला वळसा घालून येतो. माझ्या मते खरा तोडगा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी आवृत्ती, हाच आहे. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नसल्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. २०१६ मध्ये आलेल्या जिओने उशिरा आल्यामुळेच सुरुवातीपासून आयपीव्ही६ धरलं, आणि भारत आज त्याच्या वापरात जगातल्या पुढच्या देशांत आहे. मोठ्या कंपनीची जोडणी असेल तर ते बहुधा मिळालेलंच असतं. राउटरमध्ये किंवा टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये बंद करून ठेवलेलं नाही ना, एवढं पाहायचं. बरेच छोटे नेटवाले अजून ते देत नाहीत, आणि मागितल्याशिवाय देणारही नाहीत.

आता नेटवाल्याची बाजू. गोंदिया शहर काही आडरानात नाही. हावडा–मुंबई मुख्य लोहमार्गावरचं जंक्शन, नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटर. रेल्वेमार्गांलगत फायबर टाकणारी रेलटेल २००० पासून आहे. अडतं ते पुढच्या टप्प्यात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात तार खांबांवरून जाते, वादळात झाड पडलं की तुटते, रस्त्याचं काम निघालं की उखडते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला मंजुरी मिळाली. पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार येणं आणि तिथून घरात खात्रीचा वेग येणं, यात मात्र बरंच अंतर आहे. विजेचाही भाग आहे. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही; जुन्या केबल जाळ्यात खांबावरच्या पेटीतला स्विच विजेवर चालतो. घरात इन्व्हर्टर असूनही भारनियमनात नेट जात असेल तर ती पेटी आठवावी.

मग स्पीड टेस्ट पूर्ण वेग का दाखवते? कारण ती बहुधा नेटवाल्याच्या स्वतःच्या जाळ्यातल्या किंवा नागपूर-मुंबईच्या सर्व्हरशी मोजते. यूट्यूबचे गाजलेले व्हिडिओही नेटवाल्यांच्या जाळ्याजवळच साठवलेले असतात. टोरंटचे तुकडे मात्र पोलंड, ब्राझील, व्हिएतनाम असे कुठूनही येतात, आणि त्या बाहेरच्या वाटेसाठी छोट्या नेटवाल्याने जितकी क्षमता विकत घेतली असेल तितकीच सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. संध्याकाळी आठ ते अकरा ती भरते. पहाटे पाचला तेच टोरंट धावतं का हे एकदा पाहावं. धावत असेल तर कारण हेच.

‘कंपनी मुद्दाम टोरंट दाबते’ हा संशय निराधार नाही, पण हल्ली तो गरजेपेक्षा जास्त व्यक्त होतो. अमेरिकेत कॉमकास्टने खरोखर तसं केलं होतं. २००७ मध्ये असोसिएटेड प्रेसने बायबलची प्रत टोरंटवर ठेवून ते तपासलं, आणि ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. भारतात फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने वेगवेगळ्या सेवांना वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. ठरावीक प्रकारची वाहतूक दाबणं त्या तत्त्वांत बसत नाही. महिन्याची मर्यादा ओलांडल्यावर सगळाच वेग कमी करणं मात्र बसतं. अनेक घरगुती फायबर योजनांत ती मर्यादा ३.३ टीबी आहे. रात्रंदिवस टोरंट चालू ठेवणारा ती गाठू शकतो.

सरकारी व्याख्येत ग्राहकाच्या हाती फार काही लागत नाही. २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर आला. पण तो डाउनलोडचा आहे आणि नेटवाल्याच्या ठाण्यापासून ग्राहकापर्यंतचा आहे. अपलोड किती असावा आणि ठाण्यापलीकडच्या जगापर्यंत वेग किती असावा, यावर ती व्याख्या गप्प आहे. टोरंटचा सगळा मामला नेमका याच दोन गोष्टींवर अवलंबून. केबलवाल्याचं ‘इकडून सगळं बरोबर आहे’ हे उत्तर कागदोपत्री खरं ठरतं ते असं.

तेव्हा गोंदिया, तिरोडा, आमगाव, जिथे कुठे जोडणी नूतनीकरणाला आली असेल तिथे डाउनलोडचा आकडा वाढवून घेण्याआधी नेटवाल्याला विचारा: अपलोड किती, सार्वजनिक पत्ता मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे किती, आयपीव्ही६ आहे का, नसेल तर कधी येणार. गावात दोन नेटवाले असतील तर ही उत्तरं बघून निवडा, आणि उत्तर लेखी घ्या. शंभरची योजना दोनशेची करून टोरंट सुधारत नाही. सार्वजनिक पत्ता मिळाला तर चाळीसच्या योजनेवरही ते सुधारतं.